किल्लेदाराची बायको सुखरूप

रविवारी सकाळी साडेनऊला मुलीचा फोन आला. तब्येत, हवा आणि गुडघा हे ठरलेले तीन विषय त्याने पटापट उरकले, कारण आज त्याला तिला वाचून दाखवायचं होतं. बायको जाऊन चौदा महिने झाले होते. जन्मभर ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्यात, आता एकदा घरच्या माणसावर लिहा, असं प्रकाशक सहज म्हणून गेला होता. त्याने ते मनावर घेतलं होतं आणि बायकोच्या आठवणींची चाळीस पानं लिहून काढली होती. पानं उतरली होती झरझर. इतकं सलग त्याच्या हातून कितीतरी वर्षांत लिहून झालं नव्हतं. लिहिताना तो दोनदा रडला होता आणि रडल्यावर पुन्हा वाचून बघितलं तेव्हा मजकूर चांगलाच झाला होता. फोन कानाशी धरून, दुसऱ्या हातात कागद लांब धरून, तो वाचत होता. ती फार कमी बोलायची. संध्याकाळी खिडकीचा गज धरून उभी राहायची. कशाची वाट बघतेस, असं मी विचारलं की म्हणायची, वाट बघणं हेही एक कामच आहे, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही. इथे तो जरा थांबला. वाचताना थांबायची ती जागाच होती. हे मुलीला भिडलं असावं असं वाटून त्याला बरंही वाटलं.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “हे आई नाही म्हणायची.”

“अगं, किती वेळा म्हणायची. तू लहान होतीस तेव्हा.”

“हे किल्लेदारीण म्हणते. तुझ्या पुस्तकातली. कोठारं रिकामी होतात त्या प्रकरणात. मला नववीला धडाच होता तो. संदर्भासहित स्पष्टीकरण द्या, पाच मार्कांना. मला तीन मिळाले म्हणून तू शाळेत भांडायला निघाला होतास.”

तो हसला. हसायलाच हवं होतं. मग म्हणाला, “मी तिच्याकडूनच उचललं असणार ते.” मुलगी म्हणाली, “असेल.” म्हाताऱ्या माणसाने भलत्याच स्टॉपवर उतरायचा हट्ट धरला की बरोबरची माणसं ज्या आवाजात बरं म्हणतात, त्याच आवाजात ती असेल म्हणाली. पुढे तिने जेवणाचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं आणि फोन ठेवला. त्याने कागद टेबलावर ठेवले, कडा नीट जुळवल्या आणि उठून कपाटापाशी गेला. जाताना त्याला खात्री होती. आपण उचललं होतं आणि ते शोधून दाखवता येईल, एवढंच त्याच्या मनात होतं.

कारण शोधून दाखवणं हा त्याचा धंदाच होता. बत्तीस वर्षांपूर्वी अभिलेखागारात चार वर्षं कागदपत्रं उलटल्यावर त्याला एका वेढ्याच्या शेवटी लिहिलेलं पत्र सापडलं होतं. अकरा महिने चाललेला वेढा, किल्ला पडला, आणि जिंकणाऱ्यांच्या कारकुनाने काय काय हाती लागलं त्याची यादी धाडली होती. तोफा इतक्या, घोडे इतके, धान्य नाही, दारूगोळा भिजलेला. आणि अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहावं तसं, किल्लेदाराची बायको सुखरूप. बस. तीन शब्द. नाव नाही, वय नाही, पुढे काय झालं त्याचा पत्ता नाही. त्या तीन शब्दांवर त्याने चारशे बारा पानांची कादंबरी उभी केली. राईचा पर्वत करणं म्हणतात ते त्याच्याइतकं शब्दशः कुणी केलं नसेल. पण आपण लबाडी केली नाही याचा त्याला अभिमान होता. त्याची पद्धत होती. पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या करायच्या. जे कागदपत्रांत सापडलं ते निळ्या शाईने, खाली दप्तराचा क्रमांक. जे आपल्या डोक्यातून आलं ते पेन्सिलीने. पुस्तकात दोन्ही एकजीव होतात, वाचकाला सांधा दिसत नाही, दिसूही नये. पण लिहिणाऱ्याला तो ठाऊक असायला हवा. नव्या लेखकांपुढे बोलायची वेळ आली की तो हे आवर्जून सांगायचा. वाचकाला खुशाल फसवा, म्हणायचा, स्वतःला फसवू नका. ह्या वाक्याला टाळ्या पडायच्या.

चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत होत्या, प्रकरणांप्रमाणे. कोठारांच्या प्रकरणाचं खोकं काढून तो जमिनीवरच बसला, गुडघ्याची पर्वा न करता. ती चिठ्ठी सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पेन्सिलीत होती. ती पेन्सिलीतच असणार हे त्याला माहीत होतं, त्यात काही नवल नव्हतं. बायकोचं वाक्य काही दप्तरात सापडणार नव्हतं. नवल पुढे होतं. चिठ्ठीवर ते वाक्य तीनदा लिहिलेलं होतं. पहिल्यांदा, वाट बघण्याइतकं कष्टाचं काम नाही. ते खोडलेलं. मग, वाट बघणाऱ्यांची नोंद कोणत्या वहीत होते? तेही खोडलेलं, शेजारी समासात ‘फार गोड’ असा स्वतःलाच मारलेला शेरा. आणि मग तिसऱ्यांदा ते, जसंच्या तसं, खाली दुहेरी रेघ. ऐकलेलं वाक्य माणूस एकदाच लिहितो. दोनदा खोडून घडवतो ते स्वतःचं. तिशीत तरी आपण आपलं वाक्य तिच्या नावावर घालत नव्हतो, तेव्हा प्रामाणिक होतो, हे त्याला जमिनीवर बसल्या बसल्या कळलं, आणि पाठोपाठ हेही कळलं की खिडकीचा गज धरून उभी राहणारीही ती नव्हे. त्यांच्या घराच्या खिडक्यांना गज कधी नव्हतेच. ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा होत्या, पहिल्यापासून. त्याने मान वळवून खिडकीकडे बघितलं. काच अर्धी सरकवलेली होती आणि समोरच्या इमारतीत कुणीतरी गादी झटकत होतं.

दुपारभर तो चाळीस पानं घेऊन बसला. दुसऱ्याचं लिखाण तपासावं तसं तपासायचं, असं त्याने ठरवलं. निळं पेन आणि पेन्सिल. खात्रीचं असेल त्याच्याखाली शाईची रेघ, नसेल त्याच्याखाली पेन्सिलीची. पहिल्या पानावर जन्मतारीख होती, तिला शाई मिळाली. चष्म्याच्या दुकानात सव्वीस वर्षं नोकरी, शाई. मग ती पायातला काटा स्वतः काढते आणि कुणाला सांगत नाही, तो प्रसंग. छान उतरला होता. पण त्यांच्या लग्नाच्या आयुष्यात काटा कुठे आला? डांबरी रस्ता, लिफ्ट, बस. काटा किल्ल्यावरचा होता. ती दिव्याची वात पुढे सारते आणि तिचा अर्धाच चेहरा उजळतो, हेही किल्ल्यावरचं. ह्यांच्याकडे ट्यूबलाइट होती आणि ती चेहऱ्याचं काही अर्धं ठेवायची नाही. पाहुणे आले तर ताटात कमी आहे हे दिसू नये म्हणून ती स्वतः वाढायला बसते, हे तर सरळ सहाव्या प्रकरणातून चालत आलं होतं. वडाची साल पिंपळाला लावणारे संशोधक त्याने आयुष्यभर चेष्टेवारी नेले होते. सातव्या पानापर्यंत पेन्सिलीचं टोक बोथट झालं. त्याने ते टोकदार केलं आणि पुन्हा बसला. त्याला भीती वाटत होती, आणि भीती कशाची ते अगदी स्पष्ट होतं. ही सगळी पानं गेली तर गेली, पानांचं काय, पुन्हा लिहिता येतील. पण त्यांच्याखाली काही आहे की नाही? एकतीस वर्षं ज्या बाईबरोबर काढली तिचं एक वाक्य, निदान एक, तिच्याच तोंडचं, आपल्यापाशी आहे की नाही?

हॉस्पिटलच्या पानांवर तो जरा धीराने आला. ते अलीकडचं होतं आणि कादंबरीत हॉस्पिटल नव्हतं. पानात लिहिलं होतं, ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि विचारायची, बाहेर काय चाललंय? त्याने डोळे मिटले. खाट मधोमध होती, दोन्ही बाजूंना हिरवे पडदे होते, भिंत हाताला लागेल अशी नव्हतीच. तो उशाशी स्टुलावर बसायचा, मांडीवर तिसऱ्या कादंबरीची प्रुफं. ती बोलायची. बोलायची हे नक्की, कारण त्याला स्वतःचं उत्तर आठवत होतं. तो ‘हं’ म्हणायचा. प्रुफातली ओळ बोटाने धरून ठेवून, मान वर न करता, हं. तो हं त्याला इतका साफ आठवला की त्या खोलीतला औषधाचा वासही बरोबर आला. त्या हंच्या आधी काय होतं, ते मात्र काही केल्या येईना. किती वेळ तो प्रयत्न करत राहिला. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांना तो बोलतं करायचा, कारकुनांना, पखालवाल्यांना, तोफेला बत्ती देणाऱ्या बहिऱ्या माणसाला. आणि इथे चौदा महिन्यांपूर्वीच्या दुपारी हातभर अंतरावर असलेलं माणूस ओठ हलवत होतं आणि आवाज येत नव्हता. दिव्याखाली अंधार तो हाच म्हणायचा. त्याने पानं उलटी घालून ठेवली आणि जेवायचं राहिलंय हे आठवूनही तो तसाच बसून राहिला.

तरी एक होतं. ते त्याला सोमवारी सकाळी दाढी करताना आठवलं आणि वस्तरा हातातच राहिला. पहिली भेट. तो तेव्हा अठ्ठावीसचा, डोळे कागद वाचून बिघडलेले, आणि चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे ती नुकतीच लागलेली. तिने त्याला उंच स्टुलावर बसवलं, समोर आली, त्याच्या नाकावर छोटी पट्टी आडवी धरली आणि दोन बुबुळांमधलं अंतर मोजताना म्हणाली, माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा. आता उजव्या. एवढ्या जवळून कुणा बाईने त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. तो बघत राहिला आणि ती म्हणाली, झालं, आता कुठेही बघा. हे खरं होतं. किल्ल्यावर चष्मे नव्हते, पट्टी नव्हती, मिलिमीटर नव्हते. हे कादंबरीतून येऊच शकत नव्हतं. अर्ध्या चेहऱ्याला साबण तसाच ठेवून तो खोलीत गेला आणि निळ्या शाईने ते लिहून काढलं. मग त्याच्यातला जुना खोडकर संशोधक म्हणाला, एकाच साक्षीवर किती विसंबणार, आणि तेही स्वतःच्या? जित्याची खोड. दहा वाजता तो दुकानापाशी उभा होता.

बायको गेल्यापासून तो इकडे आला नव्हता. दुकान तेच होतं, पाटी तेवढी नवी. मालक आता क्वचित येत, असं बाहेर बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाने सांगितलं. आत एकटी काचवाली होती. दुकानात दोघी असताना मालक एकीला फ्रेमवाली म्हणायचे आणि दुसरीला काचवाली, कारण एक फ्रेमा बसवायची आणि दुसरी मागच्या खोलीत यंत्रावर काचा कापून घासायची. फ्रेमवाली म्हणजे त्याची बायको. काचवाली साठीची, ठेंगणी, तिच्या एप्रनवर काचेची पांढरी पूड. तिने त्याला बघितलं, एकदा दाराकडे बघितलं, जणू मागून आणखी कुणी येणार आहे, आणि म्हणाली, “बसा.”

“स्क्रू सैल झालाय,” त्याने चष्मा पुढे केला. निमित्त त्याने घरी करूनच आणलं होतं.

“स्क्रू कसला, दांड्या फाकल्यात. चष्मा काढताना एका हाताने ओढता तुम्ही.” तिने दांडी गरम हवेखाली धरली, अंगठ्याने वाकवली, त्याच्या कानामागे बसवून बघितली, पुन्हा काढली. “नंबर कधी तपासला होता? दोन वर्षं झाली असतील. थांबा, बसलाच आहात तर माप घेते, नवी फ्रेम लागणारच आहे.” तिने खिशातून छोटी पट्टी काढली, ती त्याच्या नाकावर आडवी धरली, चेहरा समोर आणला. “माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा,” ती म्हणाली. “आता उजव्या. झालं, आता कुठेही बघा.”

तो बघत राहिला. तिने दोनदा विचारलं, “चक्कर येतेय का?” तो नाही म्हणाला. वाक्य खरंच होतं, शाईतलंच होतं. फक्त ते दुकानाचं होतं. सव्वीस वर्षं ती ते रोज पंधरावीस जणांना म्हणत असणार, आणि तिच्या आधीची तिच्याआधी, आणि आज ही. त्याने ते सकाळी साबणाच्या तोंडाने लिहून काढलं होतं.

काचवालीने ड्रॉवर ओढून त्याचं जुनं कार्ड काढलं. पिवळं पडलेलं, कोपरे मऊ झालेलं. अक्षर बायकोचं. ते ओळखताना मात्र त्याला एका क्षणाचाही विचार करावा लागला नाही, आणि अभिलेखागारात चार वर्षांनंतर ते पत्र उलगडलं तेव्हा आला तसाच घाम त्याच्या तळहाताला आला. त्याने कार्ड दोन्ही हातांनी धरलं. तारखा होत्या, नंबर होते. अंतर ६४. एका रकान्यात, नाक डावीकडे किंचित, उजवा कान वर. पुढच्या तारखेला पुन्हा तेच. सहा वेळा चष्मा केला होता, सहा ओळी. प्रत्येक ओळीत आकडे आणि उजवा कान वर. त्याने कार्ड उलटून बघितलं, मागे कोरं होतं. कारकुनाच्या यादीतल्यासारखं सगळं बरोबर आणि त्याच्या उपयोगाचं काहीच नाही.

“मी तिच्यावर लिहितोय,” तो शेवटी म्हणाला. “आठवणी. म्हणून विचारायला आलो. तुम्ही रोज आठ तास बरोबर असायचात. ती फार कमी बोलायची, त्यामुळे माझ्यापाशी...”

“कोण कमी बोलायची?”

“ही.”

काचवालीने पट्टी खाली ठेवली. “अहो, कानाला आराम नसायचा माझ्या. मी यंत्र मुद्दाम चालू ठेवायचे, तर ही यंत्राच्या वरून बोलायची. गिऱ्हाईक वळलं पाठमोरं, की हिची नक्कल सुरू. मालकांची करायची, त्या मोठ्या डॉक्टरांची करायची. एक बाई यायच्या, आरशात बघून नवऱ्याला विचारायच्या, मी शिकलेली दिसते का? त्यांची तर अशी करायची की मी एकदा हातातली काच फोडली. कमी बोलायची म्हणे!” ती हसली, आणि हसता हसता तिला एप्रनने डोळे टिपावे लागले. “घरी बोलायची नाही का?”

घरी तो लिहायचा. सकाळी पाच ते आठ, मग ऑफिस, मग संध्याकाळी सहा ते दहा, आणि सुट्टीच्या दिवशी दिवसभर. लिहायला शांतता लागायची आणि ती मिळायची. त्याने कधी आवाज चढवला नव्हता, कधी कुणाला दटावलं नव्हतं. घर आपोआप शांत असायचं, इतकी वर्षं त्याला वाटत होतं, तिचा स्वभावच आहे. किल्लेदारणीच्या मौनावर तर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली होती. कुठून आणलंत हे मौन, असं एकाने मुलाखतीत विचारलं होतं आणि तो बायकोकडे बघून नुसता हसला होता. ती पहिल्या रांगेत बसली होती. तीही हसली होती. त्या हसण्याकडे आज, काउंटरवर कोपरं टेकून बसल्या बसल्या, त्याला पुन्हा एकदा जवळून बघावंसं वाटलं, पण एवढ्या लांबून ते नीट दिसेना.

“माझी करायची?” त्याने विचारलं.

“काय?”

“नक्कल. माझी करायची का?”

काचवाली गोरीमोरी झाली. कार्ड ड्रॉवरमध्ये टाकायच्या निमित्ताने तिने पाठ वळवली. “जाऊ द्या हो. मेलेल्या माणसाच्या चहाड्या कशाला?”

“करायची म्हणजे.”

“रोज,” ती म्हणाली.

“करून दाखवा.”

“वेड लागलंय का तुम्हाला?”

“करून दाखवा,” तो म्हणाला. त्याचा आवाज असा निघाला की बाकावरच्या गिऱ्हाइकाने आत वाकून बघितलं. काचवालीने एक सुस्कारा सोडला, काउंटरवरचा एक चष्मा उचलला, डोळ्यांना लावला, मग एका हाताने ओढून काढला. दांडीचं टोक दातांत धरलं. छताकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, जणू तिथे काही लिहिलेलं आहे. “हे तुम्ही,” ती दांडी दातांतून काढून म्हणाली. “आणि आता तुम्हाला विचारलंय, मीठ कमी झालंय का?” पुन्हा दांडी तोंडात, पुन्हा छत. मग नाकातून एक बारीक सुस्कारा, आणि एकेक शब्द वजन करून ठेवल्यासारखा: “तसा... थेट... उल्लेख कुठे सापडत नाही.”

बाकावरचं गिऱ्हाईक हसलं. तोही हसला. पोटातून हसू आलं आणि थांबेना, त्याला स्टुलाची कड धरावी लागली, कारण तो तोच होता. छत, दांडी, सुस्कारा, सगळं. आपण असे आहोत हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला नकोच होतं, असं बरोबर पकडायला माणसाकडे किती वर्षं बघावं लागतं ते त्याला धंद्यामुळे ठाऊक होतं. हसू ओसरल्यावर त्याने चष्मा पुसला आणि हळूच म्हणाला, “आणि ती? तिची करता येईल? ती कशी बोलायची ते.”

काचवालीने खरंच प्रयत्न केला. मान थोडी तिरकी केली, कमरेवर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि मिटलं. “नाही येत,” ती म्हणाली. “तिची कुणालाच यायची नाही. ती सगळ्यांची करायची ना.” मग ती त्याचा चष्मा घेऊन मागच्या खोलीत गेली. दुसरी दांडी वाकवायची राहिली होती.

घरी येऊन तो दुपारी झोपला नाही. चारच्या सुमारास न्हाणीघराच्या आरशापुढे जाऊन उभा राहिला आणि ते करून बघितलं. पहिल्यांदा फारच वाईट झालं, कारण तो स्वतःसारखा बोलला. स्वतःसारखं बोलून भागत नव्हतं. ‘थेट’वर किंचित जास्त थांबायला हवं होतं, आणि सुस्कारा आधी हवा होता, आणि सगळ्याच्या तळाशी हसू दाबून धरलेलं हवं होतं, ते त्याच्याकडे कधी नव्हतंच. आठव्या-नवव्या वेळेला जवळपास जमलं. कशाला करतोय हे त्याने स्वतःला विचारलं नाही. तिचं वाक्य मिळालं नव्हतं. मिळालं होतं ते स्वतःचंच, पण तिच्या तोंडून गेलेलं, आणि रिकाम्या घरात दुसरं काही नसताना ते दहाव्यांदा म्हणायला त्याला काही वाटलं नाही. सहा वाजता मुलगी ऑफिसातून घरी पोचते, हे त्याला माहीत होतं. सव्वासहाला त्याने फोन लावला.

“बाबा? आज सोमवार,” मुलगी म्हणाली. “बरा आहेस ना?”

पानं बाद झाली, तुझं बरोबर होतं, असं तो सांगणार होता. त्याऐवजी त्याने चष्मा काढला, दांडी दातांत धरली, छताकडे बघितलं. फोनवर ह्यातलं काहीच दिसणार नव्हतं, पण त्याशिवाय आवाज येत नव्हता. बारीक सुस्कारा टाकला. “तसा... थेट... उल्लेख कुठे सापडत नाही.”

पलीकडे हसू फुटलं. असं खदखदून हसलेलं त्याने तिला कधी ऐकलं नव्हतं, निदान त्याच्याशी बोलताना नाही. “हे तुला कुणी शिकवलं? अगदी आई! अरे, अगदी आईच. परत कर. बाबा, परत कर ना.”

त्याने परत केलं. ती पुन्हा हसली आणि मध्येच तिचा श्वास चुकला.

“म्हणजे तुलाही माहीत होतं,” तो म्हणाला.

“माहीत? रोजचा खेळ होता आमचा. तू आत लिहायला बसलास की स्वयंपाकघरात सुरू. मी विचारायचे, मीठ कमी आहे का? सहलीला जाऊ का? माझं लग्न कधी करणार? आणि आई तू व्हायची. मला हसून हसून ओट्याला धरून उभं राहायला लागायचं.”

“मला कधी ऐकू आलं नाही.”

“कसं येईल? आम्ही नळ सोडून ठेवायचो ना. पूर्ण मोठा. खाली रिकामं पातेलं. हसू तुझ्यापर्यंत जाऊ नये म्हणून. आई म्हणायची, त्यांची लय मोडेल.” मग तिने विचारलं, “बाबा, आहेस ना?”

“आहे,” तो म्हणाला.

नळ त्याला आठवत होता. बंद दाराआडून येणारा, रिकाम्या पातेल्यावर पडणारा पाण्याचा आवाज. तो कुठल्याच कादंबरीतला नव्हता, त्याचा त्याला कधी काही उपयोगच झाला नव्हता. एका रविवारी तो आवाज फारच वेळ चालला तेव्हा त्याने उठून दार वीतभर उघडलं होतं. दोघी पाठमोऱ्या, मोरीशी अगदी खेटून उभ्या होत्या, आणि मुलीचे खांदे हलत होते. नळ जरा बंद करता का, असं तो म्हणाला होता, अगदी शांतपणे, तो नेहमी शांतपणेच बोलायचा. बायकोने मागे वळून न बघता हात पुढे केला आणि नळ लगेच बंद झाला. त्याने दार लावून घेतलं. घर इतकं गप्प झालं की त्या दिवशी त्याने न उठता सलग चार पानं लिहिली. चांगली झाली होती ती पानं.